आर्वी ते ओल्ड कोर्स, पुलगावमार्गे

स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूज गावी जाऊन तिथल्या ओल्ड कोर्सवर गोल्फ खेळून यावे, असा विचार आर्वी तालुक्यातल्या कोणाच्या मनात आलाच, तर त्याने तो पेरणीच्या तोंडावर घरात बोलून दाखवू नये. मी दाखवला. "अन् डवरणीले कोण उभं राहील? तो स्कॉटलंडवाला?" एवढेच उत्तर आले आणि विषय एक वर्ष पुढे गेला. मृग बहाराची संत्री मार्चपर्यंत उतरतात, व्यापाऱ्याचा हिशेब एप्रिलमध्ये होतो (झाला तर), आणि मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागते. मधला मे महिना तेवढा आपला. आर्वीत ४५ अंश तापमान असताना माणूस घरात नसला तरी कोणाला फारसे जाणवत नाही.

हे मार्गदर्शन लिहिण्याचा माझा अधिकार असा की, नोकरीत असताना एका साहेबांच्या मागे मागे फिरत मी नागपुरात हा खेळ शिकलो, निवृत्तीनंतर दीडशे संत्र्यांच्या झाडांत तो विसरलो, आणि आर्वीतून ओल्ड कोर्सवर खेळून आलेला दुसरा कोणी मला अजून भेटलेला नाही. भेटला तर मी हा कागद त्याच्या हवाली करीन.

हा खेळ आपल्या लोकांचा नाही, असे सांगणारा एकजण चहाच्या टपरीवर हमखास असतो. त्याला पुण्याच्या उदयन मानेचे नाव सांगावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये हा गडी भारताकडून गोल्फ खेळला. तेवढ्याने पटले नाही, तर त्याच्याही चहाचे पैसे द्यावे आणि उठावे.

आता प्रवास. आर्वीकराला हा प्रवास अवघड नाही, कारण त्याला तो तोंडपाठ आहे. १९१७ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने आपला कापूस वाहून नेण्यासाठी पुलगाव ते आर्वी अशी ३५ किलोमीटरची अरुंद लोहवाट टाकली. ती गाडी बंद पडली, आणि आपण पुलगावला उतरून एसटीची वाट पाहायला शिकलो. सेंट अँड्र्यूजलाही अशीच गाडी होती. ती १९६९ साली बंद झाली. तेव्हापासून जगभरातले गोल्फर, त्यात करोडपती आले, ल्यूकर्स नावाच्या स्टेशनावर उतरतात आणि पुढच्या बसची वाट पाहतात. तिथे एक अमेरिकन गृहस्थ हवालदिल होऊन वेळापत्रक वाचत होते. मी बॅगेवर बसून शेंगा सोलत होतो. अनुभव कुठे कामाला येईल, सांगता येत नाही.

कागदपत्रांपैकी पासपोर्ट आणि व्हिसा गौण आहेत. खरा कागद हँडिकॅपचा. हँडिकॅप म्हणजे तुम्ही किती वाईट खेळता याचा अधिकृत आकडा; तो ३६ च्या वर असेल तर ओल्ड कोर्सवर पाय ठेवू देत नाहीत. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा शक्य तितका कमी दाखवण्याची पद्धत आहे. इथे तोच कित्ता गिरवण्याचा मोह होईल, कारण इथेही आकडा कमी तर मान जास्त. पण तो मोह टाळावा. दाखल्यावर १२ आणि मैदानावर ३१ असा माणूस पहिल्याच होलवर उघडा पडतो, आणि तलाठी तिथे मदतीला येत नाही.

पुढची पायरी सोडत. आगाऊ आरक्षण वर्ष-वर्ष आधी होते आणि ते आपल्या जातकुळीचे काम नाही. सामान्य माणसासाठी रोजची चिठ्ठी असते: दोन दिवस आधी नाव टाकायचे, दुपारनंतर निकाल. म्हाडाच्या सोडतीचा सराव असलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. फरक इतकाच की इथे ताबा मिळायला फक्त दोन दिवस लागतात. या सोडतीत किमान दोघांची नावे लागतात. एकट्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे, पण माझा भाचा जवळच डंडीला नोकरीत आहे आणि मामाला नाही म्हणण्याची त्याला लहानपणापासून सवय नाही. त्याला गोल्फ येत असे, हा माझ्या भाग्याचा भाग. तीन दिवस नावे लागली नाहीत. चौथ्या दिवशी लागली, तेव्हा मी पहिल्यांदा मनापासून घाबरलो.

शुल्क उन्हाळ्यात ३०० पौंडांच्या वर असते. रुपयांत सांगितले की माणूस दचकतो, म्हणून हिशेब कापसात करावा: साधारण पाच क्विंटल. कॅडीचे, म्हणजे पिशवी वाहून वाट सांगणाऱ्याचे, वेगळे. तेवढ्यात आर्वीत दोन एकरांचे बियाणे आणि खत निघते, हा विचार पहिल्या टीवर उभे असताना करू नये. मी केला आणि माझा डावा खांदा उचलला गेला.

सरावाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण क्लबांच्या पुस्तकांत ही माहिती मिळणार नाही. सरळ फटक्यासाठी संत्र्याची बाग उत्तम. दोन ओळींत सहा मीटरचे अंतर असते. चेंडू वाकडा गेला की झाडावर आदळून तुमच्याकडे परत येतो आणि शिस्त लावतो. आंबिया बहाराची फळे झाडावर असताना मात्र हा सराव करू नये; घरातली माणसे मोजून ठेवतात. काळ्या जमिनीवर उन्हाळ्यात सराव करायचा तर भेगांचे भान ठेवावे. एका भेगेत गेलेला माझा चेंडू थेट पावसाळ्यानंतर, डवऱ्याच्या फासेला लागून वर आला. नियमाप्रमाणे हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटे मिळतात; मला साडेचार महिने लागले.

वाळूतल्या फटक्यांसाठी वर्धा नदीचे पात्र आहे. तिथे जाताना एक दक्षता घ्यावी. वाळूघाटावर सकाळी सहाला लोखंडी हत्यार घेऊन वाळू उपसणारा माणूस दिसला की त्याचा अर्थ आपल्याकडे एकच होतो. हातात फावडे नसून सँड वेज आहे, आणि आपण वाळू नेत नसून फक्त उडवत आहोत, हे समजावून सांगण्याची तयारी ठेवावी. सोबत ट्रॅक्टर न्यायचा नाही, हे सांगायला नकोच.

आणि पवित्र्यासाठी विटीदांडू. हसू नका. सेंट अँड्र्यूजला समुद्रावरून असा वारा येतो की उंच उडवलेला चेंडू परत मागे येण्याची भाषा करतो. तिथे जमिनीलगत जाणारा फटका लागतो, आणि गल्लीवरची विटी दांडूने दूर कोलताना आपण नेमके तेच करत असू. वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजत ज्याने आयुष्यात एकदा तरी डाव फिटवला आहे, त्याला गोल्फचा धावफलक परका वाटू नये. हे आकडे मूळचे तेलुगू, ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू यांची लेकरे. ते आपल्याकडे आले आणि आपले झाले. गोल्फमधल्या बर्डी-बोगींनी एवढे तोऱ्यात राहण्याचे कारण नाही.

कपड्यांविषयी इतकेच की मे महिन्यात दोन स्वेटर न्यावेत. भेटवस्तू म्हणून वर्ध्याचा गोरसपाक न्यावा. तो प्रवासात मोडत नाही, आणि कॅडीच्या चहात बुडाला की पुढच्या चार होलवर सल्ला बदलतो.

आता मैदान. इथे मी वाचकाला जरा थांबवणार आहे, कारण ओल्ड कोर्सची जी धास्ती आपण घेऊन जातो ती मुळात चुकीच्या कागदावर आधारलेली आहे. फोटोत पाहून वाटते, हे कोण्या लॉर्डाचे खाजगी हिरवळीचे अंगण असेल. प्रत्यक्षात ते गावाचे गायरान आहे. आपल्या तहसिलीच्या भाषेत ई-क्लास जमीन. समुद्रकाठची रेताड, पिकाच्या कामाची नाही अशी जागा. गावाने तिथे मेंढ्या चारल्या, ओढ्यावर कपडे धुऊन वाळत टाकले, आणि उरलेल्या वेळात काठीने चेंडू मारला. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपने लेखी कबूल केले की या जागेवर गोल्फ आणि इतर खेळ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क आहे. स्वतःसाठी त्याने तिथे ससे पाळण्याचा हक्क ठेवला. त्याच्याही आधी, १४५७ मध्ये, स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती, कारण पोरे धनुर्विद्येचा सराव सोडून हेच खेळत बसत. गिल्लीपायी शाळा बुडवणाऱ्या आपल्या पोरांच्या बापांना ही बंदी रास्त वाटेल.

मग सरकारी जमिनीचे जे होते ते झाले. १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने गायरान विकून टाकले. पुढे ते सशांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात गेले. रोही आणि रानडुकरे आपल्या हरभऱ्याचे जे करतात, ते सशांनी त्या मैदानाचे केले: जिकडे-तिकडे बिळे. गावकरी ससे मारू लागले, व्यापारी कोर्टात गेले, आणि वीसेक वर्षे प्रकरण चालले. १८२१ साली शेजारच्या एका गोल्फवेड्या जमीनदाराने, जेम्स चीपने, जमीन विकत घेतली आणि खेळ वाचवला. १८९४ मध्ये ती पुन्हा गावाच्या मालकीची झाली, आणि १९७४ पासून संसदेच्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट ती सांभाळतो. म्हणजे गायरान विकले गेले, अतिक्रमण झाले, खटला झाला आणि शेवटी जमीन परत गावाला मिळाली. या शेवटच्या कलमापाशी आर्वीकर वाचक जरा थबकेल. थबकू द्या.

आजही पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून एक सार्वजनिक रस्ता जातो. समुद्राकडे निघालेली बाई बाबागाडी ढकलत तिथून जाते, आणि पाच क्विंटल कापूस मोजलेला गोल्फर हातात काठी धरून ती पलीकडे जाईपर्यंत थांबतो. हे पाहिले आणि माझा जीव थोडा खाली आला. आपल्याच गावात आल्यासारखे वाटले. फक्त गाई नव्हत्या.

पहिल्या टीच्या मागे रॉयल अँड एन्शंट क्लबची दगडी इमारत आहे. तिच्या मोठमोठ्या खिडक्यांतून म्हातारे सभासद आपल्याकडे पाहत असतात. या क्लबात बायकांना सभासद होता आले ते २०१४ मध्ये. तेव्हा त्या नजरांना फार भिऊ नये. त्यांना काही गोष्टी दिसायला अडीचशे वर्षे लागतात. स्टार्टर नाव पुकारतो. आपले आडनाव तो कसे उच्चारतो याकडे लक्ष न देता चेंडूकडे द्यावे. पहिला आणि अठरावा मिळून समोर शंभर यार्डांहून रुंद मोकळे कुरण असते, आणि तिथे चेंडू हरवणे जवळजवळ अशक्य आहे असे सांगतात. यावर विसंबू नये. १९९१ च्या 'ओपन' स्पर्धेचा विजेता इयन बेकर-फिंच याने १९९५ मध्ये याच टीवरून चेंडू डावीकडे, ते सगळे कुरण ओलांडून, हद्दीबाहेर घातला होता.

माझा हद्दीत राहिला. पन्नास पावले गेला आणि थांबला. खिडक्यांकडे मी पाहिले नाही. कॅडी पुढे झाला आणि गंभीरपणे काही बोलला.

"काय म्हणते तो?" मी भाच्याला विचारले.

"मामाजी, तो म्हणते, छान. वाऱ्याले समजलंसुद्धा नाही."

कॅडी हा या मार्गदर्शनाचा गाभा आहे. त्याची इंग्रजी समजत नाही म्हणून घाबरू नये. त्यांचा 'आय' म्हणजे आपला 'हव'. त्यांचे 'वी' म्हणजे आपले 'उलसे'. एवढ्या दोन शब्दांवर अठरा होल निभतात. उलसे डावीकडे? हव. तो सांगेल त्या दिशेने मारावे, मग तिकडे काही दिसत नसले तरी. ओल्ड कोर्सवर बहुधा काही दिसतच नाही. पुढे उंचवटे आणि काटेरी पिवळ्या फुलांची झुडपे, त्यापलीकडे काय आहे ते कॅडीला ठाऊक. आणि चेंडू ग्रीनच्या आसपास आला की मोठेपणा सोडून पटर काढावा. चाळीस यार्डांवरूनसुद्धा. जमीन टणक असते, गवत बारीक असते, चेंडू गडगडत जातो. त्याला गडगडू द्यावे.

ग्रीनबाबत सावधान. सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे एकाच हिरवळीवर दोन होल, आणि त्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी १८ येते: दुसरा-सोळावा, पाचवा-तेरावा, असे. सर्वांत मोठे पाऊण एकराच्या वर आहे. एवढ्या जागेत आमच्याकडे संत्र्याची ऐंशी-नव्वद झाडे बसतात. पाचव्याला मी अतिशय सुरेख फटका मारून चेंडू तेराव्याच्या झेंड्यापाशी ठेवला. कॅडीने टोपी काढली. ती अभिनंदनासाठी नव्हती, डोके खाजवण्यासाठी होती.

आता बंकर. एकूण ११२ आहेत. वाऱ्याच्या आडोशाला मेंढ्या बसून बसून हे खड्डे झाले, असे सांगतात. आपल्याकडे ज्वारी साठवायचे पेव असे, तसा तोंडाला लहान आणि पोटात खोल प्रकार डोळ्यांसमोर आणावा. पेवात उतरलेल्या माणसाने वर येण्यासाठी जे करायचे तेच इथे करायचे, म्हणजे वरच्या माणसाला हाक मारायची. वाळूत चेंडूला मारू नये, चेंडूच्या मागच्या वाळूला मारावे. समोरची भिंत फार जवळ असेल तर निमूट मागे मारावे. मागे मारण्यात कमीपणा नाही. जॅक निक्लॉससारख्या माणसाला १९९५ मध्ये चौदाव्याच्या हेल बंकरमधून बाहेर यायला चार फटके लागले आणि त्या होलवर त्याचे दहा झाले. १९७८ मध्ये जपानच्या त्सुनेयुकी नाकाजिमाचा चेंडू सतराव्याच्या ग्रीनवर पोहोचला होता. पट मारताना तो घरंगळत रोड होल बंकरमध्ये गेला, आणि त्याचे नऊ झाले. तो बंकर आज त्याच्या नावानेही ओळखतात. बॉबी जोन्सने १९२१ मध्ये अकराव्याच्या बंकरमध्ये कंटाळून स्पर्धाच सोडली. हा जोन्स आयुष्यभर हौशी राहिला, पैशासाठी खेळला नाही, नंतर इथेच जिंकला, आणि १९५८ मध्ये या गावाने त्याला मानाचे नागरिकत्व दिले. तेव्हा 'हौशी' म्हणून कोणी नाक मुरडले तर जोन्सचे नाव घ्यावे, आणि बंकरमध्ये फार वेळ झाला तरीही त्याचेच घ्यावे. एकच नाव दोन्हीकडे चालते.

सतरावा होल आर्वीकरासाठीच बनवला आहे. टीवरून समोर मैदान दिसत नाही. समोर दिसतात त्या शेड. गावची ती बंद पडलेली रेल्वे इथूनच जात होती, तिच्या यार्डातल्या जुन्या शेडची ही आठवण. चेंडू थेट त्यांच्या छपरावरून मारायचा. जगातले भलेभले इथे गडबडतात. मी लहानपण जिनिंगच्या पत्र्यांवरून गिल्ली पलीकडे घालण्यात काढले आहे. माझा दिवसातला सर्वोत्तम फटका हा. छपरावरून गेला, वाऱ्यात जरा वळला आणि मधोमध पडला. कॅडीने पहिल्यांदाच विचारले की मी कुठला. "आर्वी," मी म्हणालो. तो म्हणाला, "आय." पुढचा फटका मी ग्रीनच्या मागच्या डांबरी रस्त्यावर घातला, तो भाग वेगळा. तिथे चेंडू आहे तसाच खेळावा लागतो. रस्ता मैदानाचाच भाग धरतात.

अठराव्यावर स्विल्कन पूल. ओढ्यावरचा लहानसा दगडी पूल, मेंढपाळांच्या सोयीसाठी काही शतकांपूर्वी बांधलेला. त्यावर उभे राहून फोटो काढणे हे सक्तीचे आहे. २०२३ साली या पुलाच्या पायथ्याशी गवत टिकेना म्हणून दगडी फरशी बसवली. गावाने आणि जगाने एकच ओरडा केला, आणि काही दिवसांत ती उखडून पुन्हा गवत लावले. मी पुलावर उभा राहून बराच वेळ त्या गवताकडे पाहत होतो. भाच्याला वाटले, मला गहिवरून आले आहे. मला आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक आठवत होते, जे फक्त नवे पेव्हर ब्लॉक बसवण्यासाठी निघतात.

माझी बेरीज ११९ झाली. सात चेंडू गेले. कॅडीने कार्डावर सही केली, गोरसपाकचा पुडा खिशात घातला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भाचा म्हणाला, "मामाजी, चला, पुन्हा मैदानावर जाऊ." मी म्हणालो, पाच क्विंटल आणखी कुठून आणू. त्याने काही न बोलता डबा बांधला. ओल्ड कोर्स रविवारी खेळायला बंद असतो. आपल्याकडे बैलाला पोळा, तसा त्या जमिनीला आठवड्याचा एक दिवस. ओपनसारखी मोठी स्पर्धा सोडली तर हा नेम मोडत नाहीत. त्या दिवशी गावातली माणसे कुत्री घेऊन तिथे फिरतात, पोरे त्या पेवासारख्या खड्ड्यांतून उड्या मारतात, म्हाताऱ्या स्विल्कन पुलावर टेकून गप्पा मारतात. दाखला नाही, चिठ्ठी नाही, शुल्क नाही. सतराव्याच्या ग्रीनवर, जिथे आदल्या दिवशी माझे आठ झाले होते, तिथे एक कुत्रे निवांत झोपले होते. आम्ही अठराव्याच्या कडेला बसून पोळी आणि झुणका खाल्ला.

म्हणून जाणाऱ्यांना शेवटची सूचना: पोहोचण्याचा दिवस शनिवार ठेवावा. आणि झुणका जरा कोरडाच न्यावा. वारा फार असतो.